आठवणीतले चित्रपट पुन्हा पाहताना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आवडत्या चित्रपटांची यादी करण्याचे काम काल रात्री पुरे झाले. यादीत ४१ नावे आली. आज सकाळी ती पुन्हा वाचताना लक्षात आले की त्यांतली निम्मी नावे मी केवळ रीत म्हणून लिहिली आहेत. हे चित्रपट थोर आहेत हे मला मान्य आहे, त्यांच्याविषयी मी चार माणसांत बोललोही आहे, पण ते कधी पाहिले, शेजारी कोण बसले होते, पाहून झाल्यावर काय केले, यांतले काहीही मला आठवत नाही. उलट एक अगदी सुमार चित्रपट, ज्याचे नाव चारचौघांत घ्यायला मला अजूनही संकोच वाटतो, तो पाहिला त्या दुपारचा प्रत्येक तपशील, नव्या बुटाने टाचेला आलेल्या फोडासकट, शाबूत आहे.

म्हणून कसोटी बदलली. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवून, ज्याच्याशी निदान एक खासगी आठवण जोडलेली आहे तोच यादीत राहील, असे ठरवले. २७ नावे गळाली आणि १४ उरली. तो सुमार चित्रपट अर्थातच उरला, आणि तोही पाचव्या क्रमांकावर.

कामाची पद्धत अशी राहील. प्रत्येक चित्रपटाला वहीची समोरासमोरची दोन पाने आणि त्यांवर चार रकाने. पहिल्यात चित्रपटातले जे आठवते ते, दुसऱ्यात तो पाहतानाची आठवण, तिसऱ्यात पुन्हा पाहिल्यावर जे दिसले ते, आणि चौथ्यात त्या वेळी सोबत असलेल्यांची साक्ष. पहिले दोन रकाने चित्रपट पुन्हा पाहण्याआधी, कुणाशीही न बोलता आणि शाईने भरायचे. पेन्सिल चालणार नाही, कारण माझ्या खोडरबराला मी ओळखून आहे.

९ जानेवारी

शाईचा हा आग्रह हट्ट वाटण्याजोगा असला तरी त्याला आधार आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांचे चित्रित तुकडे दाखवले आणि मग गाड्यांचा वेग किती होता असे विचारले. प्रश्न सगळ्यांना एकच, फक्त त्यातले क्रियापद वेगळे. गाड्या एकमेकींना ‘टेकल्या’ अशा अर्थाचा शब्द ज्यांच्या वाट्याला आला त्यांनी ताशी सरासरी ३१.८ मैल वेग सांगितला, आणि ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द ज्यांना मिळाला त्यांनी ४०.५ मैल. पुढच्या प्रयोगात आठवडाभराने विद्यार्थ्यांना पुन्हा बोलावून फुटलेली काच पाहिली का असे विचारले, तेव्हा ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला, तर साधा ‘धडकल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच कुठेच नव्हती.

माझ्या कामासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिले दोन रकाने भरून होईपर्यंत त्या चित्रपटाचे परीक्षण वाचायचे नाही आणि त्याचा एखादा तुकडाही पाहायचा नाही. दुसरी गोष्ट साक्षीच्या प्रश्नांची: ‘तेव्हा बाबा रडले होते ना?’ असे न विचारता ‘तेव्हा बाबा काय करत होते?’ असे विचारायचे. ऐकायला हे सोपे आहे. बोलताना जिभेला ‘ना’ची सवय असते.

१४ जानेवारी

छोटी नोंद. उरलेल्या १४ चित्रपटांसमोर ते पाहिले तेव्हाचे माझे वय लिहिले. त्यांतले ९ चित्रपट मी अकरा ते चोवीस या वयात पाहिलेले आहेत. माणसाला उतारवयात विचारले तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक संख्येने वर येतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. त्या वर्षांत चित्रपट चांगले निघत होते, असे आम्ही मित्रमंडळी जे ठामपणे सांगतो, त्याचे खरे कारण बहुधा हेच असावे.

१८ जानेवारी

क्रमांक १ : ‘इकिरू’, दिग्दर्शक अकिरा कुरोसावा, १९५२. पहिले दोन रकाने भरले.

पहिला रकाना: सरकारी कचेरीत तीस वर्षे शिक्के मारत बसलेला म्हातारा अधिकारी, त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते, उरलेल्या दिवसांत तो मुलांसाठी एक मैदान तयार करून घेतो, आणि शेवटी बर्फ पडत असताना रात्री त्याच मैदानातल्या झोपाळ्यावर बसून गाणे म्हणतो. येथे चित्रपट संपतो.

दुसरा रकाना: वय २३, नोकरीला लागून सहा महिने झालेले. फिल्म सोसायटीचा खेळ, १६ मिलिमीटरचा एकच प्रोजेक्टर, आणि तो प्रेक्षकांच्या मधोमध टेबलावर ठेवलेला, त्यामुळे त्याची घरघर सगळ्यांच्या डोक्यावरून पडद्याकडे जात होती. रीळ बदलताना दिवे लागत. माझ्याबरोबर कचेरीतला एक सहकारी होता. खेळ संपल्यावर आम्ही दोघे न बोलता बराच वेळ चाललो, आणि ही नोकरी सोडायची असे मी त्याला सांगितले.

नोकरी मी सोडली नाही, हे रकान्यात बसत नसले तरी येथे लिहून ठेवतो.

२१ जानेवारी

‘इकिरू’ पुन्हा पाहिला आणि तिसरा रकाना भरताना हात थबकला. झोपाळा हा शेवट नाहीच. चित्रपट १४३ मिनिटांचा आहे आणि साधारण दोन-तृतीयांश भाग झाल्यावर निवेदक सरळ सांगून टाकतो की आपला नायक वारला. त्यानंतरचा दीर्घ भाग हा त्याच्या तसबिरीसमोर जमलेल्या सहकाऱ्यांचा आहे. ते पीत जातात, मैदानाचे श्रेय कुणाचे यावर वाद घालतात, एकेकाला काहीतरी आठवत जाते. झोपाळ्याचे दृश्य तिथे, नायकाची टोपी परत करायला आलेल्या एका पोलिसाच्या सांगण्यातून येते. म्हणजे ज्या दृश्याला मी पंचवीस वर्षे शेवट समजत होतो, ती मुळात दुसऱ्या कुणीतरी सांगितलेली आठवण आहे.

मी विसरलो होतो ते त्याहून पुढचे आहे. दारूच्या भरात सगळे सहकारी शपथ घेतात की आता आपणही त्याच्यासारखेच काम करू, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तक्रार घेऊन आलेल्यांना पुन्हा एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवले जाते. एक तरुण कारकून ताडकन उभा राहतो, साहेब त्याच्याकडे पाहतो, आणि तो हळूहळू खाली बसत कागदांच्या गठ्ठ्यांमागे दिसेनासा होतो. हे दृश्य मी पाहिलेच नव्हते असे मला शपथेवर सांगता आले असते.

२३ जानेवारी

दोन दिवस डोक्यात रिळांचा हिशेब चालू होता, तो कागदावर मांडला. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात ४० फ्रेम बसतात. सेकंदाला २४ फ्रेम या गतीने मिनिटाला ३६ फूट फिल्म प्रोजेक्टरमधून सरकते. १४३ मिनिटांसाठी ५,१४८ फूट लागतील. मोठे रीळ १,६०० फुटांचे धरले तर ते सुमारे ४४ मिनिटे चालते. म्हणजे रिळे चार, आणि एकच प्रोजेक्टर असल्यामुळे दिवे लागण्याचे प्रसंग तीन. दुसऱ्यांदा दिवे लागले असतील ते अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाच्या आसपास, म्हणजे नायकाच्या मृत्यूच्या निवेदनाला जेमतेम काही मिनिटे उरली असताना.

शेवटचा भाग मनात उतरला नाही तो तिथे तुटलेल्या लयीमुळे, असे या हिशेबावरून म्हणता येईल. म्हणायला मला आवडेलही. पण चौथ्या रकान्यासाठी त्या सहकाऱ्याला दूरध्वनी केला, नियमाप्रमाणे शेवट काय होता एवढेच विचारले, आणि क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, “तो पोरगा उठतो आणि परत बसतो.” तेच दिवे, तीच रिळे, खुर्च्यासुद्धा शेजारच्या. त्याने त्याच वर्षी नोकरी सोडली होती.

११ फेब्रुवारी

क्रमांक २ : ‘पथेर पांचाली’, सत्यजित राय, १९५५. हा ताईबरोबर पाहिलेला. तेव्हा मी अकरा वर्षांचा आणि ती पंधराची.

पहिल्या रकान्यात मी लिहिले होते: पांढऱ्या काशफुलांच्या रानातून दुर्गा आणि अपू धावत जातात आणि रुळांपाशी हात धरून उभे राहून आगगाडी जाताना पाहतात. दुसऱ्या रकान्यात: ताईने माझा हात धरला होता.

पडद्यावर असे काही नाही. धावताना दुर्गा अडखळून मागे पडते आणि गाडीजवळ पोहोचतो तो एकटा अपू. पुढे तापाने अंथरुणाला खिळलेली दुर्गा बरी झाल्यावर पुन्हा गाडी पाहायला जाऊ असे त्याला म्हणते, आणि या वाक्याचा सगळा भार ती पहिल्यांदा तिथवर पोहोचली नव्हती यावरच उभा आहे. मी तिला पोहोचवून टाकले आणि त्या वाक्यातला जीवच काढून घेतला.

या दृश्याच्या चित्रीकरणाची हकिकत रायांनी स्वतः सांगितलेली आहे. १९५२ सालच्या ऑक्टोबरमध्ये काशफुलांत एक दिवस काम झाले, आणि पुढच्या खेपेला मंडळी तिथे परत गेली तेव्हा मधल्या काळात गुरांनी फुले खाऊन टाकलेली होती. पुन्हा फुले येईपर्यंत एक हंगाम थांबावे लागले. आपण सलग धाव म्हणून जी पाहतो, तिचे दोन तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत आणि सांधा कुठेही दिसत नाही. माझ्या आठवणीतही एक हात ताईचा आणि एक दुर्गाचा असा सांधा आहे, तोही मला इतकी वर्षे दिसला नव्हता.

१३ फेब्रुवारी

ताईशी बोललो आणि नियम मोडला. ठरवून ठेवलेला प्रश्न बाजूलाच राहिला आणि तोंडातून निघाले, “ताई, ते दोघं हात धरून गाडी बघतात ना?” लॉफ्टसबाईंनी मला वर्गाबाहेर उभे केले असते.

ताई मात्र बधली नाही. “कुठलं रे! ती पोचतच नाही,” ती म्हणाली. “मला तेव्हाच फार राग आला होता. धाकट्याला गाडी दिसते आणि पळत पुढे नेणारी मागे राहते.” मग थोडे थांबून, “आणि तुझा हात मी धरला नव्हता. तूच माझा धरला होतास, इतका घट्ट की नखं रुतली होती.”

चौथ्या रकान्यात हे तसेच लिहिले आहे. प्रश्न चुकीचा विचारला गेल्याची नोंद समासात लाल शाईने केली.

२५ फेब्रुवारी

क्रमांक ६. हा रुंद पडद्यासाठी काढलेला एक कौटुंबिक चित्रपट; तो मी पहिल्यांदा पाहिला व्हिडिओ कॅसेटवर, आणि नंतर त्याच कॅसेटवर किमान दहा वेळा. पहिल्या रकान्यात दोन गोष्टी होत्या. एक, जेवणाच्या टेबलाच्या दृश्यात आई दुसऱ्या खोलीतून उत्तर देते आणि वडील रिकाम्या भिंतीकडे पाहून बोलत राहतात. या दोघांत काय बिनसले आहे हे मला त्या भिंतीवरून कळले होते. दोन, नायिकेचे गाणे माझ्या मनात ज्या पट्टीत आहे ती उंच आहे.

पुन्हा पाहिले तर आई त्याच खोलीत, टेबलाच्या उजव्या टोकाला बसलेली. पट्टीही खाली. अशा वेळी स्मरणशक्तीला बोल लावून मोकळे व्हावे असे वाटते, पण या खेपेस ती निर्दोष सुटली. पडद्याची रुंदी उंचीच्या २.३५ पट असेल आणि ते चित्र जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या ४:३ चौकटीत पूर्ण उंचीने भरायचे असेल, तर रुंदीचा सुमारे ५७ टक्केच भाग दिसतो आणि बाकीचा कापला जातो. आई त्या कापलेल्या भागात होती. पट्टीचेही तसेच: चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो, आणि सेकंदाला २५ फ्रेमची दूरचित्रवाणी पद्धत जिथे होती तिथे तो कॅसेटवर घेताना सरळ २५ने चालवत. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे पावणेपाच मिनिटांहून थोडा अधिक लवकर संपतो आणि सगळे आवाज अर्ध्या स्वराला थोडे कमी एवढे वर चढतात.

मी जे पाहिले आणि ऐकले होते ते मला बरोबर आठवत होते. फक्त तो चित्रपट दिग्दर्शकाने काढलेला नव्हता. तिसऱ्या रकान्याचे शीर्षक मी सुरुवातीला मोठ्या आत्मविश्वासाने ‘प्रत्यक्षात’ असे लिहिले होते. ते खोडून ‘या खेपेस’ असे केले.

आणि तरीही, खरे सांगायचे तर, आईला खोलीत बसवल्यावर ते दृश्य मला पडेल वाटले.

६ मार्च

क्रमांक ३ आणि क्रमांक ९ एकत्र, कारण दोन्हींत प्रश्न आवृत्तीचा आहे.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट बदलून ऐनवेळी पोलिसांना आणावे लागले, आणि चित्रपटगृहांत तोच शेवट दाखवला गेला. मूळ शेवट असलेली आवृत्ती पुढे व्हिडिओवर फिरली. दादाचे म्हणणे असे की त्याने ठाकूरला गब्बरला मारताना चित्रपटगृहात, पहिल्याच आठवड्यात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी तारखा पुढे ठेवल्या. त्याने त्या वाचल्या, परत दिल्या आणि म्हणाला, “मग मी काय घरात बसून शिट्ट्या मारल्या?” चौथा रकाना त्याच्या शब्दांत भरला आहे.

‘सिनेमा पॅरादिसो’बद्दल (१९८८) माझा आणि एका जुन्या मित्राचा वाद अनेक वर्षे चालला होता. तो म्हणे, नायकाला त्याची तरुणपणची प्रेयसी उतारवयात पुन्हा भेटते; मी म्हणे, भेटत नाही, आणि न भेटणे हाच तर चित्रपट आहे. हा चित्रपट आधी इटलीत १५५ मिनिटांचा प्रदर्शित झाला, परदेशांसाठी कापून १२४ मिनिटांचा केला गेला, आणि २००२ साली १७३ मिनिटांची दीर्घ आवृत्ती आली. मी १२४ मिनिटांवाला, मित्र १७३ मिनिटांवाला. दोघेही बरोबर निघालो आणि वादाची मजा गेली.

२ एप्रिल

मधल्या तीन आठवड्यांत क्रमांक ४, ७, ८, १० आणि ११ पार पडले. विशेष काही नाही. क्रमांक ८मध्ये मी नायकाला मिशी लावली होती, ती त्याला नाही. क्रमांक ५, तो सुमार चित्रपट, पाऊण तासानंतर बंद केला. टाचेच्या फोडाची आठवण होती तेवढीच राहू द्यावी.

९ एप्रिल

क्रमांक १४ मी टाळत आलो होतो, हे आज वहीचे पान कोरे पाहून कबूल करावे लागले. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, १९५७, ९६ मिनिटे. तो मी बाबांबरोबर पाहिला तेव्हा माझे वय २६ होते आणि काचबिंदूने बाबांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

पहिला रकाना: एका खोलीत बारा ज्यूरी, खुनाच्या आरोपाखालचा एक मुलगा, पहिल्या मतदानात अकरा विरुद्ध एक. उकाडा. पंखा चालत नाही. शेवटी सगळ्यांचे मत फिरते.

दुसरा रकाना: बाबांनीच हा चित्रपट मागितला होता, सगळा बोलण्यावर चालतो, मला फार अडचण होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही मधूनमधून ‘आता काय झालं?’ असे ते विचारत. मला दुसरीकडे जायचे होते. मी चिडलेलो होतो, मोजके आणि तुटक सांगितले. बरेचसे सांगितलेच नाही.

शाईने लिहिले आहे.

१२ एप्रिल

पुन्हा पाहिला. ल्युमेटने आपली योजना नंतर लिहून ठेवली आहे: पहिला तिसरा हिस्सा डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला त्या पातळीवरून, शेवटचा खालून, म्हणजे हळूहळू खोलीचे छत दिसू लागते, आणि भिंती जवळ आल्यासारख्या वाटाव्यात म्हणून लेन्स अधिकाधिक लांब पल्ल्याची. दृष्टी गेलेल्या माणसाला यातले काय पोहोचणार, असा विचार पाहताना सतत येत होता.

पण या वहीच्या दृष्टीने थक्क करणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मी साफ विसरलो होतो. खुनाच्या वेळी आपण चित्रपट पाहायला गेलो होतो असे आरोपी मुलगा सांगतो, पण चित्रपटांची नावे आणि त्यांतले कलाकार त्याला सांगता येत नाहीत, आणि त्यावरून तो खोटारडा ठरतो. चौथ्या क्रमांकाचा ज्यूरी, चष्मा लावणारा, अत्यंत शांत, कितीही उकडले तरी मला घाम येत नाही म्हणणारा, त्याचा या मुद्द्यावर फार भर असतो. तेव्हा आठव्या क्रमांकाचा ज्यूरी त्यालाच विचारू लागतो: काल रात्री काय केलेत, परवा, त्याच्या आधी? काही रात्रींपूर्वी तो पत्नीबरोबर चित्रपटाला गेलेला निघतो. पहिल्या चित्रपटाचे नाव येते, दुसऱ्याचे चुकते, दुसराच एक ज्यूरी ते दुरुस्त करतो, नटीचे नाव अडखळते. त्याच्यावर कसलेही दडपण नव्हते, हेही त्याच्याकडून वदवून घेतले जाते. आणि त्याच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसतो. खिशातून रुमाल काढून तो टिपतो.

तीन महिने मी जे करतो आहे, ते या माणसाने दोन मिनिटांत करून दाखवले होते, आणि ते दृश्य माझ्या पहिल्या रकान्यात नाही.

१६ एप्रिल

चौथा रकाना. बाबांच्या शेजारी बसून फक्त एवढेच विचारले, “बाबा, तो बारा ज्यूरींचा चित्रपट आपण पाहिला होता, तुम्हाला त्यातलं काय आठवतं?”

ते पाऊण तास बोलले. मी लिहीत गेलो. एकूण १९ तपशील झाले. टेबल लांब आहे आणि त्याच्या एका टोकाला मुख्य ज्यूरी बसतो. आठव्या क्रमांकाच्या अंगात पांढरा कोट आहे. तो तसाच दुसरा सुरा टेबलात रोवतो तेव्हा सगळे मागे सरकतात. पाऊस सुरू झाल्यावर खिडक्या लावल्या जातात. सगळ्यांत म्हातारा ज्यूरी चष्मेवाल्याच्या नाकावरचे व्रण बघतो आणि त्याला आठवते की साक्षीदार बाईच्या नाकावरही तसेच व्रण होते, म्हणजे ती चष्मा लावत असणार आणि रात्री अंथरुणातून उठून तिने पाहिलेल्या गोष्टीवर विसंबता येत नाही. “खिडक्या उजव्या बाजूला होत्या,” बाबा म्हणाले, आणि मग स्वतःच हसले, “म्हणजे तू उजव्या बाजूला बसला होतास.”

यांतले पाच-सहा तपशील संवादांवरून कळण्यासारखे आहेत. बाकीचे कुणीतरी सांगितल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते, आणि खोलीत दुसरे कुणी नव्हते. दुसऱ्या रकान्यातली ‘बरेचसे सांगितलेच नाही’ ही ओळ तशीच ठेवली आहे. शाई आहे.

सर्वांत शेवटी ते म्हणाले, “आणि त्या घाम न येणाऱ्या माणसाच्या कपाळावरून घामाचा थेंब निघतो, नाकाच्या कडेनं खाली येतो आणि टेबलावर पडतो. टप्प. ते फार छान होतं.”

मी काही बोललो नाही. साक्षीदाराला दुरुस्त करायचे नाही, असा नियम आहे.

१८ एप्रिल

ते दृश्य पुन्हा चार वेळा पाहिले. थेंब टेबलावर पडत नाही. तो मी पाडला असणार. संवाद पुढे पळत असताना घाईत तीन शब्दांत काय सांगावे, तर ‘टप्प’. सांगितल्याचे मला आठवत नाही, पण पावसाचा पहिला थेंब असो वा नळाचे पाणी, मी आजही ‘टप्प’ असेच म्हणतो, असे घरातली मंडळी सांगतात.

बाबांनी विचारले आहे की तो चित्रपट पुन्हा एकदा पाहता येईल का.

२६ एप्रिल

काल रात्री पाहिला. मी मुद्दाम त्यांच्या उजव्या हाताला बसलो. या वेळी तयारी होती. कोण उठले, कोण खिडकीशी गेले, कॅमेरा किती खाली आला, हे सगळे संवादांच्या फटींत बसवून सांगत होतो. छताबद्दल सांगितले तेव्हा बाबांनी मान वर केली.

चौथ्या क्रमांकाची उलटतपासणी सुरू झाली. बाबा पुढे सरकून बसले. नटीचे नाव अडखळले, आठव्या क्रमांकाने दडपणाचा प्रश्न विचारला, शांतता झाली, आणि मी ठरवल्याप्रमाणे, स्वच्छ आवाजात, जे दिसत होते तेच सांगितले.

क्रमांक १४, तिसरा रकाना, वाढीव नोंद: कपाळावर घाम येतो, तो रुमालाने टिपतो, थेंब पडत नाही.

क्रमांक १४, चौथा रकाना, वाढीव नोंद: बाबा म्हणाले, “मागच्या वेळी पडला होता.”